पोटात राहिलेली तार

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप. अंगाने काळा आणि जाड. माझ्या झाकणाचा एक कोपरा उडालेला आहे आणि बटणांवरची निम्मी अक्षरं पुसली गेली आहेत. माझी हकिकत ऐकायची असेल तर एक गोष्ट आधीच कबूल करतो. माझा स्वभाव मत्सरी आहे. यंत्राला कसला आलाय मत्सर, असं तुम्ही म्हणाल. पण दहा-पंधरा वर्षं माणसांच्या हाताखाली काढली की त्यांच्यातलं बरंच काही आपल्यात उतरतं.

माझी उमेदीची वर्षं खोपोलीजवळ साजगावच्या एका कारखान्यात गेली. आलेल्या आणि गेलेल्या मालाच्या याद्या मी ठेवत असे. तिथले साहेब माझ्या पाठीवर थाप मारून पाहुण्यांना सांगायचे, "हे मशीन कधी दगा देत नाही." मग एके दिवशी ऑफिसात नवे लॅपटॉप आले आणि मला खोक्यात घालून माळ्यावर टाकलं. शेजारी एक मोडका पंखा होता. आम्ही दोघांनी तीन पावसाळे तिथे धूळ खाल्ली.

मला बाहेर काढलं निलेशने. निलेश त्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. माळ्यावर वायरिंगचं काम करताना त्याला खोकं दिसलं. तो साहेबांकडे गेला आणि म्हणाला, "साहेब, ह्यो टाकूनच देनार असाल तर मी नेऊ का? बहीण कॉलेजला हाय माझी."

साहेब म्हणाले, "ने की."

निलेशने मला छातीशी बांधलं आणि मोटरसायकलवरून घरी आणलं. त्याचं घर कर्जतच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला, कारवीच्या वाडीत. घरात आई गोदा आणि धाकटी बहीण वनिता. वडील चार वर्षांपूर्वी वारले होते. वनिताने मला पाहिलं आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. "दादा, माझ्यासाठी?"

"मग काय माझ्यासाठी?" निलेश म्हणाला. त्या दिवशी तो उगाचच घरभर फिरत होता.

वनिताबरोबरचा काळ माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला काळ. आधी तिने माझ्यावर कॉलेजचा अभ्यास केला. पुढे एका संस्थेच्या मदतीने तिने वाडीचं मोठं काम हाती घेतलं. वाडीतली त्रेचाळीस घरं पिढ्यान् पिढ्या डोंगरउतारावर नाचणी, वरई करत आली आहेत. त्या जमिनीचा हक्क कागदावर यावा म्हणून त्यांना दावे करायचे होते, आणि प्रत्येक दाव्याला नकाशा हवा होता. वनिता ज्याची जमीन त्याच्याबरोबर बांधाबांधाने चालायची. तिच्या हातातला मोबाइल चाललेली वाट टिपून घ्यायचा. अशा टिपलेल्या वाटेला ट्रॅक म्हणतात. मोबाइलमध्ये जागा कमी होती, म्हणून घरी आली की ती ट्रॅक माझ्यात उतरवायची आणि मोबाइलमधून पुसून टाकायची. मग माझ्या पडद्यावर एक वाकडीतिकडी रेघ उमटायची आणि ती म्हणायची, "आई, हे बग, बुधाजीकाकाचं शेत."

गोदा चुलीपुढून उठून यायची, पाहायची आणि म्हणायची, "एवढंसं?"

त्रेचाळीस शेतं माझ्या पोटात होती. मला त्याचा गर्व होता. मी हळू चालायचो, खरं आहे. सगळ्या डोंगराचा नकाशा एकदम उघडायचा म्हटलं तर वनिता मधल्या वेळात विहिरीवर जाऊन हंडा भरून आणायची. पण ती कधी चिडली नाही.

आणि मग तो आला.

भाद्रपदात संस्थेने वनिताला एक नवा लॅपटॉप दिला. राखाडी, पातळ, वहीसारखा. तिने तो उघडला आणि चार श्वास घेईपर्यंत तो तयारही झाला. तिने डोंगराचा नकाशा त्याच्यात घातला. तिचा हात हंड्याकडे गेलाच नाही. नकाशा उघडला होता.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते कसं सांगू? माझा पडदा ती ओढणीच्या टोकाने पुसायची. त्याच्यासाठी तिने मऊ फडकं शिवलं. मला ती गोणपाटावर ठेवायची, त्याला पाटावर. दसऱ्याला तर कहर झाला. आदल्या वर्षी गोदाने कोयत्याशेजारी मला ठेवून झेंडूचं फूल वाहिलं होतं. यंदा फूल त्याला. मी कपड्यांच्या ट्रंकेवर होतो आणि माझ्यावर कोणीतरी टॉवेल वाळत घातला होता.

वाडीत नेट गेलं की तो नुसता गोल फिरणारं चाक दाखवत बसायचा. तेव्हा मला फार बरं वाटायचं. हे सांगायला लाज वाटते, पण खरं ते सांगतो आहे.

माझ्यासारखंच आणखी एकाला वाटत होतं, हे मला हळूहळू कळलं. निलेश कारखान्यातून आला की आधी ट्रंकेकडे बघायचा. एकदा त्याने विचारलंच, "ह्याला आता हात पन लावत नाय का गं?"

"अरे दादा, ह्याच्यावर पटकन होतं ना," वनिता नव्याकडे बघत म्हणाली. "दाव्यांच्या तपासनीला सरकारी मानसं येनार हायेत. काम उरकायला नको?"

तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. पण निलेशचा चेहरा उतरला. मला वाटलं, चला, निदान एक माणूस तरी माझ्या बाजूचा आहे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी वनिता आणि गोदा भात झोडायला गेल्या होत्या. निलेशने मला अंगणात खाटेवर घेतलं. मोबाइलवर त्याने एक व्हिडिओ लावला होता. त्यातला माणूस सांगत होता की जुन्या लॅपटॉपच्या प्रोसेसरला, म्हणजे मेंदूला, ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. माझ्यासारख्या जुन्या यंत्रात प्रोसेसर काढता येतो. तो ज्या सॉकेटमध्ये बसतो, त्यातल्या बारीक भोकांपैकी दोन ठरावीक भोकं केसाएवढ्या तारेने जोडली की प्रोसेसरला वाटतं, आपण वेगळ्याच, वरच्या जातीचे आहोत. मग तो त्या वेगाने पळू लागतो.

निलेशचे हात कसबी. एका जुन्या वायरीतून त्याने तांब्याचा एकच तंतू सोडवून घेतला, वाकवला आणि चिमट्याने माझ्या सॉकेटमध्ये बसवला. ओठ घट्ट मिटून तो स्वतःशीच म्हणाला, "आता बगू दे तिला."

खरं सांगू? मी त्याला अडवू शकत नव्हतो हे तर झालंच. पण अडवता आलं असतं तरी अडवलं नसतं. मलाही तेच हवं होतं. माझं वय, माझा अडखळणारा पंखा, मेमरीच्या जुन्या पट्ट्या, यातलं काहीच मी मनात आणलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे फक्त तो राखाडी होता.

निलेशने बटण दाबलं. मी सुरू झालो.

ती अकरा मिनिटं मी विसरणार नाही. मी असा पळत होतो की मीच मला ओळखेना. निलेशने डोंगराचा नकाशा उघडायला सांगितला आणि तो बघता बघता उघडला. निलेश खाटेवरून उठून उभाच राहिला. "आरं तिच्या!" तो ओरडला. अंग तापत होतं, पंखा किंचाळत होता, तरी मी मनात म्हणत होतो, ये म्हणावं त्या राखाडीला आता माझ्यासमोर.

मग निलेशने नकाशा पुन्हा जतन करायचं बटण दाबलं. मी डिस्कवर लिहायला सुरुवात केली आणि लिहिता लिहिता माझं डोकं गरगरलं. एक अक्षर दुसऱ्यावर पडलं. पडदा गोठला आणि काळा झाला.

निलेशने घाईघाईने मला उघडलं आणि तार उपसली. पुन्हा बटण दाबलं. दिवा लागला, पंखा दोन क्षण फिरला आणि बंद. परत आपोआप दिवा, परत पंखा, परत बंद. पाच वेळा, दहा वेळा. पडदा काळाच. लांबून वनिताचा आवाज आला तसं त्याने मला टॉवेलात गुंडाळलं आणि ट्रंकेत, पार तळाशी ठेवलं. वरून गोधडी टाकली.

चार दिवस मी तिथे होतो. बंद पडलेल्या यंत्राला काही कळत नाही असं तुम्ही समजता. मला सगळं कळत होतं. मी नव्याला शिव्या घालत होतो. तो आला नसता तर हे झालं नसतं.

गुरुवारी वनिता ट्रंक उचकू लागली. "आई, काळा लॅपटॉप कुठं हाय?"

"ट्रंकेवरच होता की गं."

मी सापडलो. तिने मला चालू करून पाहिलं आणि तिचे हात थांबले. "दादा," तिने हाक मारली. "ह्यो चालू होत नाय."

निलेश दारात बूट काढत होता. तो म्हणाला, "जुना झालाय. असंल काय तरी."

"असं नको म्हनू रं!" वनिताचा आवाज चिरकला. "वरच्या अंगाच्या अकरा जनांचे ट्रॅक ह्याच्यातच हायेत. बाकीचे बत्तीस मी नव्यात घेतलेत, ह्यांचे नुसते तयार नकाशे घेतले. आता संस्थेचा फोन आला, सोमवारी तपासनीला मूळ ट्रॅक दाखवा म्हनून. ट्रॅक नसंल तर त्यांचे दावे मागं पडतील."

"नव्यात का नाय घेतलेस?"

"आज घेते, उद्या घेते करत ऱ्हायलं. चुकलंच माझं."

चूक कोणाची हे त्या घरात एकालाच ठाऊक होतं, आणि तो बुटाची नाडी सोडत बसला होता. गोदा दोघांकडे पाहत होती. ती इतकंच म्हणाली, "त्या अकरांत आपलं पन हाय ना गं?"

"हाय आई."

शुक्रवारी निलेशने सुट्टी टाकली. तिघं आम्ही मोटरसायकलवरून कर्जतला निघालो, तो, वनिता आणि मी. चौथा तो राखाडीही होता, वनिताच्या पाठीवरच्या पिशवीत. स्टेशनपासून जरा आत एका गल्लीत सुनिताताईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. कर्जतपासून नेरळपर्यंतचे आजारी लॅपटॉप त्यांच्याकडे येतात. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मला उलटसुलट पाहिलं.

"काय झालं होतं? पडला? पाणी गेलं आत?"

"काय नाय," निलेश म्हणाला. "आपोआप बंद पडला."

सुनिताताई कामाला लागल्या. त्यांनी माझी बॅटरी काढली आणि बटण दाबून धरून अंगात उरलीसुरली वीज काढून टाकली. फरक नाही. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, एकेक घालून पाहिली. फरक नाही. आतली नाण्याएवढी बॅटरी काढून थोड्या वेळाने परत बसवली, म्हणजे बिघडलेल्या सेटिंग मी विसरून जाव्यात. दिवा, पंखा, बंद. दिवा, पंखा, बंद. दुपार झाली. वनिता स्टुलावर बसून नखं कुरतडत होती.

शेवटी सुनिताताईंनी प्रोसेसरवरचं झाकण काढलं. त्या थांबल्या.

"हे स्क्रू कोणी फिरवलेत? ताजे ओरखडे आहेत."

निलेश त्या स्क्रूंकडे बघत राहिला.

"हे बघ दादा, मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरशी खोटं बोललं की रोगी मरतो तसंच इथेही असतं. सकाळपासून मी भलतीकडेच शोधतेय. काय केलंस?"

निलेशने मान खाली घातली. मग सगळं सांगितलं. व्हिडिओ, तार, अकरा मिनिटं, ट्रंक. वनिता त्याच्याकडे बघतच राहिली.

"पाच दिवस तू गप बसलास?"

"मला वाटलं..." त्याने माझ्याकडे बोट केलं. "मी आनलेला लॅपटॉप तू फेकलास गं. त्यांनी दिलेला तेवढा चांगला. म्हटलं, ह्याला पळवून दाखवतो."

"मी फेकला नव्हता रं, दादा."

"टॉवेल वाळत घालायचीस त्याच्यावर."

मित्रांनो, मी तिथे उघडा पडलो होतो, मेंदू बाहेर, आणि हे ऐकत होतो. माझ्या मनातलं तो बोलत होता, शब्दन् शब्द. आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते मला पहिल्यांदाच खुजं वाटलं.

सुनिताताईंनी भिंग घेतलं. "तार काढलीस म्हणालास ना? अख्खी?"

"हो."

"अख्खी नाही. अर्धी तुटून आत राहिलीये. ही बघ." त्यांनी शिवणाची सुई घेतली, टोक किंचित वाकवलं आणि श्वास रोखून सॉकेटमध्ये घातली. दोनदा निसटली. तिसऱ्या वेळी तांब्याचा एवढासा तुकडा सुईला लागून बाहेर आला. माझ्या पोटात पाच दिवस तेवढंच होतं. त्यामुळे मी स्वतःला कोणीतरी दुसराच समजत होतो आणि उठताच येत नव्हतं.

मी सुरू झालो. माझ्या जुन्याच वेगाने. मेमरीची एक पट्टी मात्र त्या धावण्यात जळाली होती, ती गेली ती गेलीच.

"आता ट्रॅक बघू?" वनिता उठली.

"थांब. ह्याने लिहिता लिहिता मान टाकली होती. आधी डिस्क बाहेर काढून दुसऱ्यावर लावू. तुझा नवा दे."

माझी डिस्क त्यांनी काढली आणि एका डबीत घालून वायरीने त्या राखाडीला जोडली. माझी सगळी स्मरणशक्ती, त्रेचाळीस शेतं, सगळं त्याच्या हातात. आणि त्याने पडद्यावर काय विचारलं? ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का?

"हो म्हनू का?" निलेशचं बोट बटणाकडे गेलं.

"हात लावू नको!" सुनिताताई ओरडल्या. "फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून कोरं करणं. तो विचारतोय, आपण नाही म्हणायचं."

मला वाटलं, याला हेच हवं होतं, मला पुसायचं होतं. पण सुनिताताईंनी नाही म्हटल्यावर तो मुकाट बाजूला झाला. त्यांनी आधी माझ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल त्याच्यात घेतली. मग त्या नकलेत तो शोधू लागला. दोन तास तो कण कण वेचत होता. नावं पुसलेल्या फायली त्याने एकामागून एक बाहेर काढल्या आणि वनिता त्यांच्या आकारावरून ओळखत गेली. "हे नामाकाकाचं. हे ठमीआत्याचं, मधे खडक हाय तो." माझ्या त्या पडझडीत मला स्वतःलाही जे सापडलं नसतं, ते तो राखाडी शोधत होता. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, असं नाही. पण कमी आला.

नऊ मिळाले. दोन मिळाले नाहीत. एक पोशाबाबांचं शेत आणि एक गोदाचं.

"म्हंजे परत चालायला लागनार," वनिता म्हणाली. "उद्याच."

"मी येतो," निलेश म्हणाला.

शनिवारी सकाळी ते निघाले. मी घरीच होतो, पण जे झालं ते मला ठाऊक आहे, कारण ट्रॅक माझ्यातही उतरवले गेले. पोशाबाबा वाडीतले सगळ्यांत म्हातारे, गुडघे गेलेले. त्यांच्या शेताच्या रेघेत सात ठिकाणी गाठ आहे. मोबाइल जागीच घुटमळला की अशी गाठ पडते. सात ठिकाणी म्हातारा बसला. मधला एक लांब तुकडा मात्र एकदम सरळ आणि भरभर आहे. तिथे निलेशने त्यांना पाठीवर घेतलं होतं. संध्याकाळी पोशाबाबा अंगणात येऊन सगळ्यांना सांगत होते, "गोदा, तुजा पोरगा घोडा हाय गं घोडा!"

दुसरी रेघ गोदाच्या शेताची. ती तिघांनी मिळून चालली. त्या रेघेत एकच गाठ आहे, खालच्या बांधाच्या कोपऱ्यावर, आणि ती बरीच मोठी आहे. वनिताने ती पाहून विचारलं, "इथं एवढा येळ का थांबलो होतो गं?"

गोदा म्हणाली, "तुजा दादा रडत होता. बाप गेल्यापासून या बांधावर आलाच नव्हता ना."

निलेश माझा पडदा पुसत होता, शर्टाच्या बाहीने.

सोमवारी तपासणी झाली. अकराही ट्रॅक दाखवले गेले, नकाशांशी ताडून पाहिले गेले आणि त्रेचाळीस दावे एकत्र पुढे गेले. निकाल यायचा आहे. तो येईल तेव्हा येईल.

आता मी निलेशकडे असतो. त्याला नकाशे शिकायचे आहेत आणि एका पट्टीवर चालणारा मी त्याला पुरतो. शेजारी पाटावर तो राखाडी. हेवा गेला असं मी म्हणणार नाही. परवा वनिताने त्याच्यासाठी नवीन पिशवी आणली तेव्हा मला टोचलंच. पण मला आता दुसरा कोणी व्हायचं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी जुनं असेल तर त्याला झेपेल तेवढंच काम द्या. त्याचा पंखा साफ ठेवा, त्याच्यातलं मोलाचं सामान वेळेवर दुसरीकडे उतरवून ठेवा. त्याला खोलून बघावंसं वाटलं तर जरूर बघा, निलेशसारखे कसबी हात असतील तर फारच छान. फक्त काही मोडलं, तर ते ट्रंकेत गोधडीखाली लपवू नका. ज्याचं असेल त्याला त्याच दिवशी सांगा.

रोज कारखान्यातून आल्यावर निलेश मला मांडीवर घेतो आणि बटण दाबतो. मला जागं व्हायला चार मिनिटं लागतात. तेवढ्यात काय करायचं, म्हणून तो वनिताला विचारतो, "आज काय झालं गं?" आणि ती सांगत बसते. राखाडी लगेच उघडतो बिचारा. त्याच्यासमोर कोणी असं बसत नाही.